विश्लेषण : पडद्यावरच्या ‘रुबाबदार लफंग्या’वर मदतीच्या खेळाची वेळ का आली? टेरी-थॉमस यांची कारकीर्द काय सांगते?

पुढच्या दोन दातांमधली फट, हातात लांब सिगारेट होल्डर, कोटाला ताजे फूल आणि तोंडी साहेबी इंग्रजी. एवढ्या भांडवलावर टेरी-थॉमस यांनी लंडनपासून हॉलीवूड, पॅरिस आणि रोमपर्यंत प्रेक्षकांना हसवले. पार्किन्सन या आजाराने नेमके हेच भांडवल हिरावून घेतले. जगाला हसवणाऱ्या कलावंताच्या म्हातारपणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीमुळे आजही विचारावा लागतो.

९ एप्रिल १९८९. लंडनच्या ड्रुरी लेन भागातील थिएटर रॉयलमध्ये सव्वाशेच्या आसपास कलावंत एका सहकाऱ्यासाठी रंगमंचावर आले. मायकल केन या सोहळ्याचे अध्यक्ष होते, गायक फिल कॉलिन्स प्रमुख आकर्षण होते. कार्यक्रम तब्बल पाच तास चालला. ज्यांच्यासाठी हा खटाटोप सुरू होता ते टेरी-थॉमस तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि आजाराने खंगलेले होते. एके काळी ब्रिटनमधील सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांत त्यांची गणना होत असे. ती वेळ त्यांच्यावर कशी आली, याचा हा आढावा.

टेरी-थॉमस कोण होते?

त्यांचे मूळ नाव थॉमस टेरी होर स्टीव्हन्स. जन्म १० जुलै १९११ चा, लंडनच्या फिंचली उपनगरातला. पडद्यावर ते पिढीजात श्रीमंत, मोठ्या घराण्यातले वाटत. प्रत्यक्षात घर मध्यमवर्गीय होते. वडील मांसविक्रीच्या व्यवसायात होते आणि हौशी नाटकांत काम करत. आईवडिलांचे पटत नसे. त्या कुरबुरीत मुलाने नकला करून हसवण्याचा आणि झोकात राहण्याचा मार्ग धरला. सिनेमातल्या डग्लस फेअरबँक्स यांच्याकडून त्याने कपड्यांचा शौक घेतला, तर रंगभूमीवरील ओवेन नेअर्स यांच्या बोलण्यावरून स्वतःचे उच्चार घासूनपुसून घेतले.

शिक्षण संपल्यावर नोकरी मिळाली ती लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजारात, शीतगृह चालवणाऱ्या एका कंपनीत कारकुनाची. मांसाच्या बाजारात हा तरुण जाकीट घालून, फूल लावून ऐटीत वावरत असे. पुढे ज्या ‘साहेबा’ला जगाने डोक्यावर घेतले, त्याची तालीम अशी कारकुनाच्या टेबलावर झाली.

नावाची कथाही गमतीची आहे. रंगमंचासाठी त्यांनी आधी आपले नाव उलटे करून ‘मॉट स्नेव्हेट्स’ असे लावून पाहिले. ते कोणाच्या पचनी पडले नाही. मग ‘थॉमस टेरी’ घेतले, तर लोक त्यांना विख्यात अभिनेत्री एलेन टेरी यांचे नातलग समजू लागले. अखेर नाव फिरवून ‘टेरी थॉमस’ केले आणि १९४७ च्या सुमारास मध्ये एक छोटी आडवी रेघ घातली. ही रेघ म्हणजे आपल्या दातांमधली फट, असे ते गमतीने सांगत.

चरित्र अभिनेता म्हणजे नेमके काय?

नायक कथा पुढे नेतो. चरित्र अभिनेता त्या कथेतले जग खरे वाटायला लावतो. ऑफिसातला खडूस वरिष्ठ, लग्नात मिरवणारा मामा, दारूच्या नशेतला निवृत्त मेजर अशी माणसे नसतील तर नायकाला लढायला कोणी उरत नाही. प्रेक्षकाला अशा नटाचे नाव अनेकदा आठवत नाही. ‘अरे, हा तोच’ एवढे मात्र आठवते.

या कामाचे गणितही वेगळे असते. नायकाच्या नावावर तिकिटे विकली जातात, म्हणून त्याला वाटाघाटीत वजन असते. चरित्र अभिनेत्याला मानधन मिळते ते कामाच्या दिवसांवर किंवा त्या त्या भूमिकेवर. म्हणजे काम सुरू तर घर सुरू. एका ठरावीक साच्यात तो बसला की कामे भराभर येतात, पण साचा मोडायची मुभा उरत नाही आणि शरीर थकले की साचाच मोडतो. टेरी-थॉमस यांना पुढे काही चित्रपटांत प्रमुख भूमिका मिळाल्या. तरी त्यांची खरी ओळख राहिली ती दुसऱ्याच्या कथेत येऊन प्रसंग पळवून नेणारा नट अशीच.

हा ‘साहेब’ घडला कसा?

१९३० च्या दशकात ते चित्रपटांत गर्दीतले काम, म्हणजे एक्स्ट्राची कामे करत होते. त्याबरोबर नृत्य, नकला आणि कॅबरेचे कार्यक्रम सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या सिग्नल दलात भरती झाले आणि सैनिकांसाठी मनोरंजनाचे कार्यक्रम करणाऱ्या पथकात त्यांची वर्णी लागली. तिथे त्यांचा एक प्रवेश गाजला. बीबीसीच्या निवेदकाला ऐन प्रक्षेपणाच्या वेळी गाण्यांच्या तबकड्या सापडत नाहीत, म्हणून तो स्वतःच सगळ्या गायकांचे आवाज काढून वेळ मारून नेतो, अशी त्याची कल्पना. निवेदकाचा शांत, सभ्य सूर आणि आतून उडालेली भंबेरी या दोन टोकांमधून हशा पिकत असे. पुढच्या सगळ्या भूमिकांचे बीज याच प्रवेशात सापडते : वरून इस्त्रीचा माणूस, आत गोंधळ.

युद्धानंतर १९४६ मध्ये लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात ‘पिकाडिली हेराइड’ हा रंगारंग कार्यक्रम सुरू झाला. मुख्य विनोदवीर सिड फील्ड होते. टेरी-थॉमस त्यांच्यासोबत होते. या कार्यक्रमाचे ७७८ प्रयोग झाले. त्यानंतर १९४९ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीवर त्यांची ‘हाउ डू यू व्ह्यू?’ ही मालिका आली. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील अगदी पहिल्या विनोदी मालिकांत तिची गणना होते. तेव्हा फार थोड्या घरांत संच होते. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन प्रेक्षकाशी थेट बोलण्याची त्यांची लकब मात्र त्या लहान पडद्याला नेमकी मानवली.

चित्रपटांत खरे यश मिळाले ते १९५६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत. तोवर वीसेक वर्षे या व्यवसायात गेली होती. बोल्टिंग बंधूंच्या ‘प्रायव्हेट्स प्रोग्रेस’मध्ये त्यांनी मेजर हिचकॉक साकारला. भूमिका मोठी नव्हती. कामाच्या वेळेत गुपचूप सिनेमाला गेलेल्या या मेजरला तिथे आपलेच कामचुकार सैनिक बसलेले दिसतात. शिस्तीचा धाक घालणारा स्वतःच शिस्त मोडताना सापडतो, पण आवाजातली जरब एक इंचही उतरत नाही. सैनिकांना ‘शॉवर’ म्हणून झापण्याची त्यांची ढब इतकी लोकप्रिय झाली की त्या शब्दाला बोलीभाषेत नवी धार आली. ‘निव्वळ नालायकांची टोळी’ असा त्याचा भाव.

त्या काळच्या ब्रिटनला हा लफंगा का भावला?

याचे उत्तर काळात दडलेले आहे. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. १९५६ मध्ये सुएझ कालव्याच्या प्रकरणात ब्रिटनला जगासमोर माघार घ्यावी लागली. साम्राज्य ओसरत होते, पण साम्राज्य चालवणाऱ्या वर्गाचा तोरा कायम होता. क्लब, पदव्या, ‘चांगल्या घरातला’ असण्याचा अहंकार सगळे जागच्या जागी होते. फक्त त्यामागची सत्ता आटत चालली होती. ही विसंगती सामान्य ब्रिटिश माणसाला रोज दिसत होती. टेरी-थॉमस यांनी तिला चेहरा दिला.

१९५९ चा ‘कार्लटन-ब्राऊन ऑफ द एफ.ओ.’ हा चित्रपट त्याचे उत्तम उदाहरण. त्यात ते परराष्ट्र खात्यातील एक बिनकामाचे अधिकारी आहेत, वडिलांच्या पुण्याईवर खुर्चीत बसलेले. सगळ्यांच्या विस्मरणात गेलेल्या एका बेटावरील वसाहतीचा प्रश्न त्यांच्या गळ्यात येऊन पडतो आणि साहेबांची त्रेधातिरपीट उडते. साहेबाचा दरारा अनुभवलेल्या देशांतील प्रेक्षकाला यात वेगळीच गंमत वाटावी. राज्य करणारे लोक आतून किती पोकळ असू शकतात, हे खुद्द त्यांच्याच देशातले विनोदी नट दाखवत होते.

त्याच वर्षीच्या ‘आय ॲम ऑल राइट जॅक’मध्ये मेजर हिचकॉक परतला, या वेळी कारखान्यात कर्मचारी विभागाचा अधिकारी म्हणून. कामगार पुढाऱ्याच्या भूमिकेत पीटर सेलर्स होते. मालक, व्यवस्थापन, कामगार संघटना असे कोणीच त्या चित्रपटाच्या तावडीतून सुटले नाही. १९६० च्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’मध्ये टेरी-थॉमस यांनी रेमंड डेलोनी हा तोंडाने गोड आणि मनाने लबाड माणूस उभा केला. टेनिसच्या सामन्यात साध्या सरळ प्रतिस्पर्ध्याला ते नुसते हरवत नाहीत. प्रत्येक गुणानंतर ‘अरेरे, थोडक्यात हुकले हो’ अशा थाटाची खोटी सहानुभूती दाखवून त्याचा जीव खातात. ऑफिसात, सोसायटीच्या बैठकीत, नातेवाइकांत असा माणूस प्रत्येकाने पाहिलेला असतो. म्हणून साठ वर्षे उलटूनही हा प्रसंग जुना वाटत नाही.

या लफंग्यात द्वेष नव्हता, हेही महत्त्वाचे. तो फसवायचा, पण त्याचा डाव बहुतेक वेळा त्याच्यावरच उलटायचा. प्रेक्षक त्याच्यावर चिडत आणि दुसऱ्याच क्षणी त्याची वाट पाहत.

हॉलीवूड आणि फ्रान्सपर्यंत मजल कशी गेली?

१९६० नंतर अमेरिकेला ‘अस्सल इंग्रज’ हवा होता आणि तो साचा तयारच होता. स्टॅन्ली क्रेमर यांच्या ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’मध्ये (१९६३) अमेरिकी विनोदवीरांच्या फौजेत टेरी-थॉमस हे ठळकपणे दिसणारे इंग्रज. पुरलेल्या पैशांच्या मागे धावणाऱ्या माणसांची ही कथा. आपल्याकडच्या ‘धमाल’वर (२००७) तिची छाप असल्याचे सांगितले जाते. त्यात निवडुंग गोळा करत फिरणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी अमेरिकी संस्कृतीवर असा काही तोंडसुख घेतो की ते भाषणच चित्रपटाचे एक आकर्षण ठरले. १९६५ मध्ये ‘हाउ टू मर्डर युवर वाइफ’मध्ये ते जॅक लेमन यांचे खासगी सेवक झाले.

त्याच वर्षी आला ‘दोज मॅग्निफिशंट मेन इन देअर फ्लाइंग मशिन्स’. १९१० सालच्या लंडन ते पॅरिस विमान शर्यतीची ही धमाल कथा. टेरी-थॉमस यांचा सर पर्सी इतरांच्या विमानांत बिघाड करतो, स्वतःचे विमान गुपचूप बोटीवर चढवून खाडी ओलांडतो आणि तरीही तोंडावर आपटतो. ‘वॅकी रेसेस’ या कार्टून मालिकेतला मिशीवाला खलनायक डिक डास्टर्डली आठवत असेल, तर त्याच्या बोलण्यावागण्यात टेरी-थॉमस यांची सावली स्पष्ट दिसते. ब्रिटनमधील मुलांचा लाडका बाहुला कोल्हा ‘बॅसिल ब्रश’ यालाही त्यांच्याच ढंगाचा आवाज देण्यात आला. डिस्नेच्या ‘रॉबिन हूड’मध्ये (१९७३) त्यांनी सर हिस या सापाला आवाज दिला आणि चित्रकारांनी त्या सापाच्या दातांतही फट ठेवली.

फ्रान्समधले यश तर त्याहून मोठे. १९६६ च्या ‘ला ग्रांद व्हाद्रुय’मध्ये ते जर्मनव्याप्त पॅरिसवर विमानातून उतरावे लागलेल्या ब्रिटिश वैमानिकांपैकी एक होते. मुख्य भूमिका लुई द फ्युनेस आणि बूरविल यांच्या. या चित्रपटाची फ्रान्समध्ये १ कोटी ७० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. तिथला हा विक्रम तीस वर्षांनी ‘टायटॅनिक’नेच मोडला. इटलीतही त्यांनी अनेक चित्रपट केले. साठीच्या उंबरठ्यावरचा हा नट एका देशातून दुसऱ्या देशात सतत काम करत होता. स्पेनच्या इबिझा बेटावर त्यांनी आपल्या आवडीचे घर बांधले होते.

पार्किन्सनने नेमके काय हिरावले?

१९७१ मध्ये, साठीच्या सुमारास, त्यांना पार्किन्सनचे निदान झाले. आपल्याकडे ‘कंपवात’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचे वर्णन लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटू लागतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा हे औषध आले. त्याने लक्षणे आटोक्यात येतात, आजार मात्र मुळापासून जात नाही.

हात थरथरणे हे लोकांना माहीत असलेले लक्षण. पण विनोदी नटासाठी इतर लक्षणे जास्त घातक ठरतात. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि चेहरा मुखवट्यासारखा स्थिर दिसू लागतो. आवाज बारीक आणि एकसुरी होतो. हालचाली मंदावतात, पाऊल उचलायला वेळ लागतो. टेरी-थॉमस यांच्या विनोदाची हत्यारे कोणती होती? उंचावणारी भुवई, दातांतली फट दाखवणारे लबाड हसू, वर-खाली खेळणारा आवाज आणि बरोबर क्षणाला टाकलेला शब्द. आजाराने त्यांच्या शरीरातून एक एक हत्यार काढून घेतले. गंभीर भूमिकेत थबकणे खपून जाते. विनोदात अर्ध्या क्षणाचा उशीरही हशा मारून टाकतो.

काही वर्षे त्यांनी आजार लपवला. कारण उघड आहे. आजारी नटाला निर्माता काम देताना कचरतो आणि चित्रीकरणाचा विमाही अडचणीत येतो. कामे लहान होत गेली. १९७७ मध्ये त्यांनी आजाराची जाहीर वाच्यता केली. पीटर कुक आणि डडली मूर यांच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये (१९७८) ते दिसतात, पण शरीरातला ताठरपणा लपत नाही. जाहीर बोलल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. हा आजार एका ओळखीच्या, लाडक्या चेहऱ्याशी जोडला गेला आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलणे ब्रिटनमध्ये थोडे सोपे झाले.

पैसा गेला कुठे?

‘एवढे कमावले, मग राखले का नाही?’ हा प्रश्न अशा प्रत्येक कथेत विचारला जातो. टेरी-थॉमस यांना उंची कपड्यांची आणि चैनीची हौस होती, हे खरे. पण केवळ उधळपट्टीने हा हिशेब लागत नाही. पार्किन्सन हा एका शस्त्रक्रियेचा खर्च नसतो. निदानानंतर ते जवळपास १९ वर्षे जगले. त्यातल्या पहिल्या काही वर्षांनंतर कमाई आटली आणि उपचार, मदतनीस, देखभाल यांचा खर्च मात्र दरवर्षी वाढत गेला. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे, पण ते स्पेनमध्ये स्थायिक होते. शिवाय मोफत उपचार मिळाले तरी बुडालेले उत्पन्न आणि दिवसरात्रीची शुश्रूषा यांची भरपाई त्यातून होत नाही.

इबिझाचे घर विकावे लागले. १९८० च्या दशकात टेरी-थॉमस आणि त्यांच्या पत्नी बेलिंडा इंग्लंडला परतले. भाड्याच्या एकामागून एक जागा बदलत ते लंडनमध्ये एका धर्मादाय संस्थेच्या तीन खोल्यांच्या घरात येऊन थांबले. ॲक्टर्स बेनेव्होलंट फंड या १८८२ मध्ये स्थापन झालेल्या कलावंत मदतनिधीचा त्यांना आधार होता. भेटायला गेलेले अभिनेते रिचर्ड ब्रायर्स त्यांची अवस्था पाहून हादरून गेले.

यातला खरा विरोधाभास असा की, त्याच काळात त्यांचे जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा लागत होते. ते काम जुने झाले नव्हते. काम करणारा तेवढा थकला होता.

पुनःप्रक्षेपणाच्या कमाईत नटाचा वाटा किती, हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९६० मध्ये रोनाल्ड रेगन अध्यक्ष असताना स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने संप केला. त्यानंतर नव्या चित्रपटांच्या दूरचित्रवाणी प्रदर्शनातून कलावंतांना वाटा मिळू लागला. जुन्या चित्रपटांपोटी मात्र एकरकमी पैसे घेऊन निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजना उभी करण्यात आली. आधीच्या कलावंतांपैकी अनेकांना हा सौदा कायम खटकत राहिला, पण पुढच्या पिढ्यांना किमान एक छत्र मिळाले. टेरी-थॉमस यांचे १९५० च्या दशकातले गाजलेले ब्रिटिश चित्रपट या कराराच्या कक्षेबाहेरचे होते.

ड्रुरी लेनच्या कार्यक्रमाने काय साधले?

१९८८ च्या अखेरीस त्यांच्या हलाखीची बातमी वृत्तपत्रात आली आणि मनोरंजनसृष्टी खडबडून जागी झाली. ‘कॅरी ऑन’ चित्रपटांतले अभिनेते जॅक डग्लस आणि रिचर्ड होप-हॉकिन्स यांनी पुढाकार घेतला. त्यातून एप्रिल १९८९ चा तो पाच तासांचा कार्यक्रम उभा राहिला. जमलेली रक्कम ७५ हजार पौंडांच्या पुढे गेली. ती टेरी-थॉमस आणि पार्किन्सनग्रस्तांसाठी काम करणारी संस्था यांच्यासाठी होती. त्यामुळे ते धर्मादाय घरातून सरे परगण्यातील गोडाल्मिंग येथील शुश्रूषागृहात जाऊ शकले. तिथेच ८ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. म्हणजे या मदतीचा आधार त्यांना मिळाला तो जेमतेम नऊ महिने.

मग मदतीचा खेळ पुरेसा का नाही?

मराठी रंगभूमीला मदतीचे प्रयोग अनोळखी नाहीत. आजारी किंवा अडचणीतल्या कलावंतासाठी सहकारी एकत्र येतात, मानधन न घेता काम करतात, प्रेक्षकही सढळ हाताने तिकिटे घेतात. यातली माणुसकी निर्विवाद आहे. ड्रुरी लेनलाही तीच माणुसकी दिसली. पण माणुसकी आणि व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मदतीचा खेळ होण्यासाठी आधी कोणाला तरी कळावे लागते, मग बातमी व्हावी लागते, आणि त्यासाठी तो माणूस प्रसिद्ध असावा लागतो. टेरी-थॉमस प्रसिद्ध होते, तरी जगाला कळायला इतकी वर्षे गेली. मग ज्या चरित्र अभिनेत्याचे नाव कोणाला आठवत नाही, त्याच्यासाठी सभागृह कोण भरणार? प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार, पडद्यामागचे कामगार यांच्यासाठी कोण पुढे येणार? शिवाय अशा मदतीसाठी कलावंताला आपली हलाखी जगासमोर मांडावी लागते. आयुष्यभर रुबाब हीच ज्याची ओळख होती, त्याला शेवटी आपले दैन्य छापून यावे लागले. ही किंमत पैशांत मोजता येत नाही.

उपाय अवघड असले तरी अज्ञात नाहीत. काम मिळत असतानाच मानधनातून ठरावीक वाटा निवृत्ती आणि आरोग्य निधीत जाणे, पुनःप्रदर्शनाच्या कमाईत लहान भूमिका करणाऱ्यांचाही हिस्सा असणे आणि दीर्घ आजारात देखभालीचा खर्च उचलणारे विमासंरक्षण, या तीन गोष्टी करारातच असल्या पाहिजेत. सरकारी मानधन योजना आणि धर्मादाय निधी यांची जागा त्यानंतरची. महाराष्ट्रात ज्येष्ठ कलावंतांना मासिक मानधन देणारी सरकारी योजना आहे. असा आधार मोलाचा असला, तरी वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेचा भार त्यावर टाकता येणार नाही.

मोबाइलवर जुने चित्रपट आज एका बोटाच्या स्पर्शाने उघडतात. टेनिसचा तो सामना, विमान शर्यतीतला तो सर पर्सी आणि सिनेमागृहात सापडलेला तो मेजर आजही कोणाला तरी हसवत असतील. नटाचे काम संपल्यावरही त्याचे हसवणे चालू राहते आणि त्यातून कोणाची ना कोणाची कमाईही चालू राहते. त्या कमाईतला एक वाटा हसवणाऱ्याच्या म्हातारपणासाठी राखून ठेवणे हा उपकार नव्हे, ती थकबाकी आहे. ती वेळेवर चुकती झाली, तर मदतीचे खेळ लावण्याची वेळ कमी कलावंतांवर येईल.